बॉल पायथनची अंडी आणि दगड घासण्याचे यंत्र एकाच खोलीत ठेवता येईल का?

गारगोटीवेडा (सिंहगड रस्ता) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे बॉल पायथन या पाळीव सापाची एक जोडी असून तिची रीतसर नोंदणी झालेली आहे. यंदा मादीचे वजन १७०० ग्रॅमच्या पुढे गेल्याने डिसेंबरपासून जोडी लावली. फेब्रुवारीअखेर एक दिवस मादीचा मधला भाग ठळकपणे फुगलेला दिसला आणि गेल्या आठवड्यात तिने कात टाकली, म्हणजे एप्रिलच्या मध्याच्या आसपास अंडी अपेक्षित आहेत.

माझा दुसरा छंद अकीक आणि गारगोट्या टम्बलरमध्ये फिरवून चकचकीत करण्याचा आहे. दीड किलोचा रबरी ड्रम आहे आणि तो दिवसरात्र चालतो. आजवर तो गॅलरीत असे, परंतु खालच्या मजल्यावरून तक्रार आल्यामुळे गेल्या महिन्यात तो सापांच्या खोलीत, त्याच लोखंडी मांडणीच्या खालच्या फळीवर आणला. तेव्हापासून मादीने तीन वेळा उंदीर नाकारला आहे. हा यंत्राच्या कंपनांचा परिणाम समजावा की गाभणपणाचा? शिवाय घासून झालेले अकीक सापांच्या टबात मांडावेत, अशी माझी बऱ्याच दिवसांची इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अंडी_आणि_ऊब यांचे उत्तर

तीन वेळा खाणे नाकारले, एवढ्यावरून यंत्राला दोषी ठरवता येणार नाही. बॉल पायथन हा मुळातच उपास करणारा साप आहे आणि गाभण मादी अंडी घालेपर्यंत बहुधा तोंडही लावत नाही. माझी एक मादी दर वर्षी याच काळात चार-साडेचार महिने काही खात नाही, आणि माझ्या घरी तर टम्बलर नाही. वजन झपाट्याने उतरत नसेल, तर तिला उंदीर दाखवण्याचा आग्रहही सोडावा.

तरीही यंत्र त्या मांडणीवरून आजच उतरवा, असेच मी सांगेन. सापाला बाहेरचा कान नाही आणि कानाचा पडदाही नाही. २०१२ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी नेमक्या याच जातीवर, म्हणजे पायथन रेजियसवर प्रयोग करून दाखवले की हवेतील आवाजाचा दाब त्याला फारसा कळत नाही, मात्र कवटीपर्यंत पोहोचणारी कंपने तो चांगली टिपतो आणि ८० ते १६० हर्ट्झ या टप्प्यात तो सर्वांत संवेदनशील असतो. आता आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे आणि तिच्यावर थेट चालणाऱ्या साध्या मोटारीची घरघर त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची असते. आपल्याला जी ‘बारीक गुणगुण’ वाटते, ती लोखंडी फळीवर हनुवटी टेकून बसलेल्या सापाच्या दृष्टीने नेमकी ऐकू येणाऱ्या पट्टीतली आहे, आणि तीही चोवीस तास. खालच्या मजल्यावरील मंडळींना तक्रार करता आली, मादीला करता येत नाही.

अंड्यांबद्दलही तीच सावधगिरी बाळगावी. या जातीत साधारण चार ते सहा अंडी येतात आणि ती एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो. अंडी उचलताना वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करावी आणि त्यानंतर ती बाजू कधीही फिरवू नये, कारण आतला गर्भ एका जागी धरलेला असतो. इनक्युबेटर, म्हणजे अंडी उबवण्याची पेटी, हलत्या फळीवर कोणीही शहाणा माणूस ठेवत नाही. अंडी मादीपाशीच ठेवणार असाल, तर ती त्यांना वेटोळे घालून जवळपास दोन महिने बसते. तिला त्या काळात शांततेची किती गरज असेल, हे सांगायला नको.

खरे सांगायचे तर मला कंपनांपेक्षा पुण्याच्या उन्हाची भीती अधिक वाटते. अंड्यांना ३१ ते ३२ अंश सेल्सिअस लागतात आणि त्या तापमानाला ५५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात. म्हणजे तुमचा सारा काळ एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा आहे. आपले घरगुती इनक्युबेटर ऊब देतात, गारवा देत नाहीत. गच्चीखालची खोली दुपारी ३५ अंशांवर गेली की थर्मोस्टॅट बंद असूनही पेटीचे तापमान वाढत राहते, आणि अशी दुपार रोज येऊ लागली तर पिल्लांच्या कण्यात व्यंग येते किंवा ती अंड्यातच मरतात. त्यात बंद खोलीत रात्रंदिवस चालणारी मोटार आपली उष्णता घालणार. घरातील सर्वांत गार, मधली खोली अंड्यांना द्या, तापमापीचे टोक पेटीत अंड्यांच्या उंचीवर ठेवा आणि दुपारी दोन वाजता स्वतः आकडा पाहा.

वाघोलीचा_खडा यांचे उत्तर

मी सापांतला नाही, दगडांतला आहे. त्यामुळे यंत्रापुरतेच लिहितो.

प्रथम एक सोपी परीक्षा करावी. मादीच्या टबाशेजारी, त्याच फळीवर, पाण्याने भरलेली स्टीलची वाटी ठेवावी आणि खिडकीचा उजेड पाण्यावर तिरपा पडेल असे पाहावे. यंत्र चालू असताना पाण्यावर बारीक वर्तुळे थरथरत असतील, तर कंपने तेथवर पोहोचत आहेत. मग जागा बदलावी. रबरी चटई किंवा स्कूटरच्या जुन्या टायरचे तुकडे यंत्राखाली घातले की बराच फरक पडतो, परंतु फळी तीच ठेवून नुसते रबर घालण्याला अर्थ नाही.

दुसरे, तुमचा ड्रम बहुधा कमी भरलेला आहे. ड्रम दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरलेला असला, की दगड एकमेकांवरून घसरतात. अर्धाच भरला, तर ते उंचावरून आपटतात, आवाज वाढतो आणि अकीकावर चंद्रकोरीसारख्या चिरा पडतात. शेजाऱ्यांची तक्रार आणि खराब झालेली खडी यांचे कारण बरेचदा एकच असते. मोठ्या दगडांबरोबर लहान खडे किंवा चिनी मातीचे तुकडे घालावेत.

कार्बोरंडमच्या भरड पावडरीचा पहिला टप्पा किमान एक आठवडा चालतो, पुढे मध्यम, बारीक आणि शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडची झिलई, असे एकूण महिनाभराचे काम असते. ते कोणत्याही दोन टप्प्यांच्या मध्ये थांबवता येते. फक्त दगड स्वच्छ धुऊन कोरडे ठेवावेत, कारण पहिल्या टप्प्याचा एक कण झिलईच्या ड्रममध्ये गेला तर सगळ्या मालावर ओरखडे उठतात. अंडी मात्र दोन महिने थांबवता येत नाहीत. तेव्हा थांबायचे कोणी, हे उघड आहे.

ड्रममधील गाळ न्हाणीघराच्या मोरीत कदापि ओतू नये, तो नळात सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्यावा, वरचे पाणी झाडांना घालावे आणि तळाचा लगदा ओला असतानाच कागदात गुंडाळून टाकावा. तो वाळून त्याची धूळ उडाली तर ती फुप्फुसांसाठी घातक असते. खंभातच्या अकीक कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग होतो, तो दगड कोरडा घासताना उडणाऱ्या याच धुळीमुळे. सापांच्या बंद खोलीत तर हे काम मुळीच करू नये.

आणि एक विषयांतर, पण राहवत नाही म्हणून. वाघोलीच्या खाणींतून मिळालेले स्टिलबाइट, अपोफिलाइट किंवा निळे कॅव्हन्साइट कुणाच्याही सांगण्यावरून टम्बलरमध्ये टाकू नका. एक ते दहाच्या मोह्स श्रेणीत अकीकाचा कठीणपणा साडेसहा ते सात, स्टिलबाइटचा जेमतेम चार. पहिल्याच रात्रीत त्याचे पीठ होईल.

पेठेतला_पशुवैद्य यांचे उत्तर

टबात दगड मांडण्याच्या इच्छेबद्दल थोडे. सापाला कात टाकण्यासाठी खरखरीत पृष्ठभाग लागतो, ज्यावर नाकाचे टोक घासून तो कातीची कड उचलतो. तुम्ही महिनाभर खपून दगडाचा नेमका तोच गुण काढून टाकता. त्याला न घासलेला काळा दगड किंवा झाडाच्या सालीचा तुकडा द्यावा. सुपारीएवढे गुळगुळीत खडे तर अजिबात ठेवू नयेत, कारण उंदीर गिळताना एखादा खडा सोबत पोटात जाऊन आतड्यात अडकू शकतो. मोठा दगड ठेवायचाच असेल, तर तो मातीवर न ठेवता टबाच्या तळावर टेकवावा, म्हणजे सापाने खालून उकरले तरी तो त्याच्यावर कलंडणार नाही.

कायद्याबाबत: बॉल पायथन साइट्स या वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये असल्यामुळे वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि ती केवळ जोडीपुरती नसते. पिल्ले जन्मली की त्यांचीही नोंद होते आणि दगावली तर तीही. पिल्ले कुणाला देण्याआधी हे कागद पूर्ण करावेत. आपल्या डोंगरातला अजगर हा पूर्णपणे वेगळा विषय आहे. तो पहिल्या अनुसूचीत आहे आणि घरी ठेवणे गुन्हा आहे, हे वाचणाऱ्या नवशिक्यांसाठी लिहून ठेवतो.

मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर फक्त इनक्युबेटर राहील, अशी जोडणी आत्ताच करून घ्यावी.

गारगोटीवेडा यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वाटीची परीक्षा केली. पाणी थरथरत होतेच, शिवाय वाटीच किणकिणत होती. ड्रम उघडून पाहिला तर निम्म्याहून थोडाच भरलेला निघाला. तो तीन-चतुर्थांशापर्यंत भरून, खाली रबर घालून यंत्र पुन्हा गॅलरीत नेले आहे आणि खालच्या काकांना स्वतः जाऊन विचारले. त्यांना आता काही ऐकू येत नाही. सध्याचा भरड टप्पा या रविवारी संपतो. त्यानंतर दगड धुऊन डब्यात भरणार आणि जूनअखेरपर्यंत यंत्राची तार काढून ठेवणार. इनक्युबेटर मधल्या खोलीत हलवला आहे; आज दुपारी दोन वाजता, पेटीत अंडी नसताना, आकडा ३१.६ होता.