मदत हवी आहे: ४० किलोहर्ट्झ ट्रान्सड्यूसरचा आवाज डेटाशीटपेक्षा १० डीबी कमी का?

१६ मिमी व्यासाचा, ॲल्युमिनियम कॅनमधला ट्रान्समीटर आहे, म्हणजे विजेच्या सिग्नलचा ऐकू न येणारा आवाज (अल्ट्रासाउंड) करणारा ट्रान्सड्यूसर. डेटाशीटमध्ये ३० सेमीवर ११७ डीबी दिलंय, १० व्होल्ट आरएमएसला (परिणामी व्होल्टेज). मी फंक्शन जनरेटरवरून १० व्होल्टची साइन वेव्ह सतत देतोय. समोर ३० सेमीवर पाव इंची मायक्रोफोन, दोन्ही टेबलापासून १० सेमी वर. रीडिंग १०५ ते १०९ मध्ये फिरतं, मायक्रोफोन २ मिमी सरकवला तरी बदलतं. ट्रान्सड्यूसर बाद झालाय का?

प्रतिसाद १

जनरेटरवरचे १० व्होल्ट पीक-टू-पीक (वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचे) असतील तर ते ३.५४ आरएमएस झाले. ९ डीबी तिथेच गेले. आणि व्होल्टेज ट्रान्सड्यूसरच्या पायांवर, जोडलेल्या अवस्थेत बघा. रेझोनन्सला (कॅन सर्वांत जोरात कंपतो त्या फ्रीक्वेन्सीला) इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, खाली येतो, म्हणून जनरेटरच्या डिस्प्लेवर भिस्त ठेवू नका.

२ मिमीची गंमत स्टँडिंग वेव्हची: जाणारा आणि मायक्रोफोनवरून उलटणारा आवाज एकमेकांत मिसळून जागोजागी शिखरं आणि दऱ्या बनतात. तरंगलांबी ८.६ मिमी, म्हणजे दर ४.३ मिमीला चढउतार आणि २ मिमीत जवळपास शिखरावरून दरीत. ४ डीबी फरकाला साधारण २३ टक्के परावर्तन पुरतं. याच कारणाने सतत सिग्नलवर फ्रीक्वेन्सी स्वीप केलात (ती हळूहळू बदलत नेलीत) तर ३० सेमीवर सुमारे ५७० हर्ट्झच्या अंतराने खोटी शिखरं दिसतील. खरा रेझोनन्स त्यात शोधत बसाल.

सतत साइन सोडा, ५० सायकलचा बर्स्ट (छोटा तुकडा) द्या. थेट आवाज ०.८७ मिलिसेकंदाला पोचतो. मायक्रोफोनवरून उलटून ट्रान्सड्यूसरला आपटून परत येणारा २.६ ला. मधे ७० सायकलची मोकळी जागा आहे. अशा कॅनचा क्यू (रेझोनन्स किती टोकदार आहे त्याचं माप) २५ धरला तर स्थिर व्हायला तीसेक सायकल लागतात, म्हणून ३५ ते ५० या सायकलचंच आरएमएस घ्या. मग १०० हर्ट्झच्या पायरीने ३९ ते ४१ किलोहर्ट्झ फिरवा.

पण १० सेमी उंची चालणार नाही. टेबलावरून येणारा आवाज फक्त ६ सेमी जास्त चालतो, ७ सायकलमध्ये मिसळतो. ४० सेमी वर घ्या, मग साडेपंचावन्न सेमी फरक पडतो, ६५ सायकल मिळतात.

मूळ प्रश्नकर्ता

मायक्रोफोन थोडा तिरका करून परावर्तन टाळता येईल का?

प्रतिसाद २

नको. ४० किलोहर्ट्झला ६ मिमीचा मायक्रोफोनही दिशा बघतो; तिरका केला की संवेदनशीलता बदलते आणि दुरुस्तीची वक्ररेषा (दर फ्रीक्वेन्सीला रीडिंग किती सुधारायचं ते) लागू पडत नाही. सरळच ठेवा, त्यामागचा स्टँड फोमने झाका.

मायक्रोफोन १ किलोहर्ट्झच्या कॅलिब्रेटरवर (ठरावीक पातळीचा आवाज देणाऱ्या तपासणी यंत्रावर) बरोबर आला म्हणजे ४० ला बरोबर, असं मानू नका. मायक्रोफोन फ्री-फील्ड (स्वतःच्या अडथळ्याने वाढणारा दाब भरून काढणारा) की प्रेशर (तो भरून न काढणारा) प्रकारचा ते बघा. प्रेशरचा असेल तर समोरून येणाऱ्या आवाजाला तो काही डीबी जास्त दाखवतो. डायफ्रामवरच्या संरक्षक जाळीसकटची आणि जाळी काढलेली दुरुस्तीही वेगवेगळी असते. शक्यतो जाळी काढून मोजा, पण डायफ्रामला बोट लावू नका.

बर्स्ट संपल्यावरची शेपूटही वाया घालवू नका. जनरेटरचा आउटपुट ५० ओहमचा असेल आणि बर्स्टनंतर जोडलेलाच राहत असेल, तर कॅन आपल्या सिरीज रेझोनन्सवर (इम्पिडन्स सर्वांत कमी असतो त्या फ्रीक्वेन्सीवर) घणघणत थांबतो. तिच्या सायकल मोजल्या की फ्रीक्वेन्सी फुकटात मिळते. स्वीपच्या शिखराशी ताडून बघा.