मदत हवी आहे – गोष्टीची सुरुवात कशी करू?

मंडळी जरा मदत करा. सोसायटीच्या गणपतीत पोरांना पन्हाळ्याहून सुटकेची गोष्ट सांगायचीये, वेळ दहा मिनिटं. गेल्या वर्षी आग्र्याची सांगितली आणि माती खाल्ली, सुरुवातच केली १६६५ च्या पुरंदरच्या तहापासून, तेवीस किल्ले दिले, मग जयसिंग, मग औरंगजेब, पेटारे येईपर्यंत निम्मी पोरं प्रसादाच्या लाईनीत. एक बारका पुढ्यातच बसून सँडलचं वेलक्रो उघडझाक करत होता, चर्र चर्र, तो आवाज अजून डोक्यात आहे.

म्हणून यंदा सिद्दी जौहरचा वेढा, १६६० साल वगैरे नंतर, डायरेक्ट पालखीपासून सुरू करावं म्हणतोय. आषाढातली रात्र, धो धो पाऊस, शत्रूने पालखी अडवलीये, मशाल आत धरतात, "कोण आहे?", "शिवाजी!" आणि इथे मी गप्प. मग मागे जाऊन सांगायचं की आत होता शिवा काशीद आणि राजे तोवर दुसऱ्या वाटेने विशाळगडाकडे निघालेत.

पण घोळ असा की मोठ्या पोरांना हे पाठ असतं, "काका तो शिवा काशीद होता" असं कोणीतरी ओरडणारच, मग माझा पचका. बायको म्हणते ओरडू दे की, त्यालाच पुढे बोलव. आणि सगळा दारूगोळा सुरुवातीलाच उडवला तर बाजीप्रभूंच्या खिंडीपर्यंत पोरं टिकतील का? कोणी शाळेत, शिबिरात गोष्टी सांगत असेल तर प्लीज सांगा, पहिलं वाक्य काय घेऊ?