मदत हवी आहे: सॉनी रोलिन्सच्या 'सॅक्सोफोन कोलॉसस'मधे सम कुठे धरायची?

नमस्कार मंडळी,

जॅझ मी शिकलेली नाही. तबला आठ वर्षं शिकले त्यामुळे मात्रा मोजता येतात, तेवढ्या भांडवलावर विचारतेय, जाणकारांनी प्लीज मदत करा.

बाबांकडे सॉनी रोलिन्स या जॅझ सॅक्सोफोनवादकाची 'सॅक्सोफोन कोलॉसस' ही एलपी आहे, निळ्या कव्हरवर सॅक्स वाजवणाऱ्या माणसाची काळी आकृती आहे ती. १९७८ ला मुंबईत 'जॅझ यात्रा' हा संगीत महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा बाबांनी रोलिन्सला समोर बसून ऐकलं होतं आणि त्यानंतर कधीतरी ही एलपी घेतली, आमच्या घरात भीमसेनजी आणि हा माणूस आलटून पालटून वाजायचे. गेल्या वर्षी बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं, आता चार-सहा शब्द येतात, तेही मोठ्या कष्टाने. रोज संध्याकाळी मी हा अल्बम लावते, ते डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर वाजवतात आणि मी शेजारी बसून मांडीवर ताल देते. दिवसातला आमचा दोघांचा एवढाच वेळ असतो ज्यात बोलता येत नाही म्हणून त्यांची चिडचिड होत नाही.

आता अडचण अशी की पहिल्या ट्रॅकला, म्हणजे 'सेंट थॉमस'ला, सुरुवातीला आमचं छान जुळतं. मग मधे मॅक्स रोचचं एकट्याचं ड्रमवादन येतं आणि ते संपून सॅक्सोफोन परत आला की बाबांचं बोट सरकतं. माझा हात खाली येतो तेव्हा त्यांचं बोट वर असतं, त्यांचं खाली येतं तेव्हा माझा हात वर. दुसऱ्या बाजूच्या 'मोरिटाट'लाही सोलो सुरू झाले की अस्संच. मी चार-पाच वेळा त्यांचा हात धरून माझ्या लयीत आणायचा प्रयत्न केला तर त्यांनी हात काढून घेतला. मला मनातून भीती वाटतेय की आजारात त्यांची लयही गेली की काय.

तर प्रश्न असे. या संगीतात आपल्यासारखं आवर्तन, म्हणजे मात्रांचा परत परत येणारा फेरा, असतं का? असलं तर सम, म्हणजे त्याची पहिली मात्रा, कशी ओळखायची? आणि शेवटच्या 'ब्लू सेव्हन'मधे मी पूर्ण हरवते, तिथे काय मोजायचं?

प्रतिसाद:

ताई, मी ड्रम वाजवतो, हौशी आहे पण वीस वर्षं वाजवतोय. तुमच्या बाबांची लय गेलेली नाही, अजिबात नाही!

ड्रमसेटमधे डाव्या पायाने दाबायच्या दोन झांजा असतात, हाय-हॅट म्हणतात त्याला. जॅझमधे स्विंगचा, म्हणजे डुलत्या लयीचा, ठेका सुरू झाला की ड्रमर त्या झांजा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिटतो, 'चिक्' असा बारीक आवाज येतो. एक 'चिक्' तीन 'चिक्', असं. आणि जॅझ ऐकणारा मुरलेला माणूस टाळी किंवा चुटकी तिथेच देतो, दोन आणि चारवर. तुम्ही तबलेवाल्या, तुमचा हात आपोआप एक आणि तीनवर पडणार. म्हणजे दोघंही बरोबर आहात, फक्त बाबा जॅझ ऐकणाऱ्याच्या जागी बसलेत आणि तुम्ही आपल्या.

'सेंट थॉमस'मधे सुरुवातीला का जुळतं तर तो भाग कॅलिप्सोच्या, म्हणजे कॅरिबियन बेटांवरच्या गाण्याच्या, अंगाने आहे, तिथे रोच स्विंग वाजवतच नाही. ड्रम सोलोनंतर ठेका बदलून सरळ स्विंग होतो. बाबांचं बोट नेमकं तिथे सरकतं असं तुम्हीच लिहिलंय. ज्याची लय गेलीय त्याला ठेका बदललेला कळेल का?

आज हेडफोन लावून फक्त ती 'चिक्' ऐका. बाकी सगळं सोडून द्या.

प्रतिसाद:

वरच्यांनी मुख्य मुद्दा सांगितलाच आहे, मी आवर्तनाचं सांगतो, कारण मीही आधी हिंदुस्थानी ऐकणारा आणि माझंही इथेच अडलं होतं.

आवर्तन असतं, फक्त लांब असतं आणि बारमधे मोजतात. इथे एक बार म्हणजे चार मात्रा. 'सेंट थॉमस'चं एक आवर्तन (ते लोक कोरस म्हणतात) १६ बारचं, म्हणजे ६४ मात्रा, म्हणजे तुमचे तीनतालाचे (१६ मात्रांचे) चार फेरे! धुनेची प्रत्येक ओळ चार बारची आहे, ती बरोब्बर एका तीनतालात बसते, करून बघा. 'मोरिटाट'ही १६ बारचं, तीनतालाचे चारच फेरे. 'ब्लू सेव्हन' हा ब्लूज आहे, १२ बार, ४८ मात्रा, त्यात चार-चार बारचे तीन तुकडे. पाचव्या बारला आणि नवव्या बारला खालचे सूर सरकतात, ते सरकणं ऐकू आलं की आपण कुठे आहोत ते कळतं, आपल्याला तालातली 'खाली' (टाळी नसलेली जागा) आली की कळतं ना तसंच.

पण समेवर यायची सक्ती मात्र नाही. आपला कलाकार तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर येतो आणि आपण मान हलवतो, रोलिन्स बऱ्याचदा वाक्य आवर्तनाच्या पार पलीकडे नेऊन संपवतो. म्हणून त्याच्या मागे मोजू नका, बास (खालचे सूर देणारं मोठं तंतुवाद्य) धरा. डग वॉटकिन्सचा बास स्विंगमधे चालतो तेव्हा मात्रेला एक सूर देत जातो, तोच तुमचा ठेका.

आणि तबला शिकलेल्या माणसाला 'सेंट थॉमस'मधली एक गोष्ट फार आवडेल. रोलिन्सचा पहिला सोलो दोनच सुरांच्या छोट्या तुकड्यावर उभा आहे, तो तुकडा इकडे ठेवतो, तिकडे ठेवतो, जरा उशिरा टाकतो, मग वाढवतो. तबल्यातल्या कायद्याचे पलटे ऐकल्यासारखं वाटतं मला. 'ब्लू सेव्हन'वर तर गुंथर शुलर या संगीतकाराने १९५८ मधे अख्खा लेख लिहिला, एका छोट्या कल्पनेतून हा माणूस एवढी मोठी बढत कशी करतो यावर.

प्रतिसाद:

थोडं अवांतर, पण ताईंना सांगावंसं वाटलं. ही रेकॉर्ड २२ जून १९५६ ला एका दिवसात झाली, न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला. रूडी व्हॅन गेल्डर या रेकॉर्डिंग इंजिनियरने आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यातच स्टुडिओ केला होता तिथे. रोलिन्स पंचवीस वर्षांचा, पियानोवर टॉमी फ्लॅनगन. रोलिन्स आणि रोच तेव्हा ट्रंपेटवाल्या क्लिफर्ड ब्राउनसोबत एका बँडमधे होते, आणि या रेकॉर्डिंगनंतर चारच दिवसांनी ब्राउन मोटार अपघातात गेला, त्याच बँडचा पियानिस्ट रिची पॉवेलही त्याच गाडीत होता. हे कळल्यापासून मला 'सेंट थॉमस'मधला तो आनंद ऐकताना गलबलून येतं. ती धून रोलिन्सची आई त्याला लहानपणी म्हणून दाखवायची, ती व्हर्जिन आयलंड्सकडची.

आणि बाबांनी १९७८ ला ऐकला त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी हा माणूस मुंबईतच, पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहून गेला होता. बाबांना माहीत असेलच, तरी सांगा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हेडफोन लावून ती 'चिक्' शोधली, तिसऱ्यांदा ऐकताना सापडली आणि सापडल्यावर दुसरं काही ऐकूच येईना.

आज संध्याकाळी काही न बोलता 'मोरिटाट'ला माझा हात दोन आणि चारवर टाकला. पहिल्यांदा दोनदा चुकले, हात एकवर जायला बघतो, आठ वर्षांची सवय आहे. मग बसलं. बाबांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि "हां" म्हणाले, एकदम स्पष्ट. ट्रॅक संपल्यावर परत लाव म्हणून मोबाईलकडे बोट केलं. तीनदा ऐकला आम्ही. इतके महिने मी त्यांचा बरोबर पडणारा हात धरून चुकीच्या जागी ओढत होते हे फार लागलंय मनाला.

पवईचं सांगितलं. त्यांना माहीत होतं बहुतेक, हसले.

'सेंट थॉमस'वर तीनतालाचे चार फेरे मोजले, बरोबर बसतात. 'ब्लू सेव्हन' अजून हातात आलेलं नाही. सुरुवातीला बास एकटाच वाजतो ना, तिथे मला पहिली मात्राच कळत नाही, त्यामुळे सॅक्सोफोन येईपर्यंत सगळं मोजणं वाया जातं. बाबांचं बोट मात्र बासच्या चौथ्या-पाचव्या सुरापासूनच सुरू होतं. ड्रमवाले दादा, तिथे अजून 'चिक्' नसते, मग ते काय ऐकून धरत असतील?