मदत हवी आहे: चौथीतला मुलगा सुंदर उतरवून घेतो, पण वाचता येत नाही

खडू_डस्टर
नमस्कार. झेडपीची द्विशिक्षकी शाळा आहे. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, पट १९. चौथीतलं एक लेकरू फळ्यावरचं इतकं सुबक उतरवतं की वही बघून कुणीही फसेल. त्याचीच वही उघडून 'वाच' म्हटलं की मान खाली. गमभनपासून परत सुरुवात केली, कार्डं झाली, जादा तास झाला. त्याच्यापायी बाकीचे १८ बसून राहतात. पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुख (आमच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) येणार आहेत. डिस्लेक्सिया (वाचनाची अध्ययन अक्षमता) असेल का? थोडक्यात सांगा, लिंका नकोत.

मेधा_पुणे
वय? डोळे-कान तपासलेत का? ऐकलेली गोष्ट परत सांगतो का? तोंडी हिशेब कसा आहे? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

बाराखडी_काकू
मी ३१ वर्षं पहिलीला शिकवलं. ताटात वाळू पसरा, बोटाने अक्षर गिरवायला लावा, गिरवताना तोंडाने मोठ्याने आवाज. घ-ध आणि भ-म एकाच दिवशी घेऊ नका, त्यात भली भली मुलं गोंधळतात. हमखास गुण.

खडू_डस्टर
काकू, गिरवता येतंच की त्याला. तेच तर लिहिलंय वर.

विन्या७९
डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र लवकर काढा. २०१६च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता येते. दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. माझ्या भाच्याला ऐनवेळी किती पळापळ झाली म्हणून सांगतो...

मेधा_पुणे
मुलगा चौथीत आहे हो.

जर्सीकर_अनु
आमच्याकडे न्यू जर्सीत अशा मुलासाठी शाळा आयईपी, म्हणजे त्याचा स्वतंत्र शिक्षण आराखडा बनवते. विशेष शिक्षक, पालक, सगळे एकत्र बसून त्याची वर्षाची उद्दिष्टं ठरवतात. तुमच्या टीमशी बोलून पाहा ना.

खडू_डस्टर
ताई, टीम म्हणजे आम्ही दोघं आणि खिचडीच्या मावशी. दोघांतला एक निम्मा महिना ऑनलाइन माहिती भरतो.

सह्याद्री_मास्तर
माहितीचं नाव काढू नका. आमच्याकडे परवा एकच तक्ता तीन वेळा मागवला, तिसऱ्यांदा 'तातडीचे' लिहून.

सात्त्विक
सकाळी वेखंड उगाळून मधातून द्या. वाचा सुटते, असं जुनी माणसं म्हणतात.

खडू_डस्टर
मेधाताई, वय १० पूर्ण. कान-डोळे आरोग्य पथकाने बघितलेत, ठीक आहेत. तोंडी हिशेब पक्का. टनाचा भाव सांगा, एका कोयत्याची (तोडणाऱ्या जोडीची) उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, किती टनांत फिटते ते माझ्याआधी सांगतो. बंजारा तांड्यावरचा आहे. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातो, उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतो. हे लिहिलं नव्हतं कारण इथे त्यात नवं काही नाही.

मेधा_पुणे
हे पहिल्या ओळीत हवं होतं! दरवर्षी अर्धी शाळा बुडणाऱ्या मुलाला डिस्लेक्सिया म्हणायची घाई कशाला?

तांडा_ते_तालुका
मी तांड्यावरच वाढलो, आता शिक्षक आहे. आम्ही घरी आईला याडी म्हणतो. पहिलीत गुरुजींनी बाईचं चित्र दाखवून पहिला आवाज विचारला. मी 'या' म्हणालो. वर्ग हसला, गुरुजीही हसले. पुढे दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही, पण माझं अक्षर शाळेत एक नंबर होतं. सुबक उतरवणाऱ्या पोराला कुणी उठवून काही विचारत नाही, हे मला लवकर कळलं होतं. तुमच्या मुलाला त्याच्या बोलीत काहीतरी सांगायला लावा. जसं बोलेल तसं दोन ओळी देवनागरीत लिहा आणि तेच त्याला वाचायला द्या.

बाराखडी_काकू
मग प्रमाण मराठी कधी शिकायची त्याने?

तांडा_ते_तालुका
काकू, आधी वाचू तर द्या.

मेधा_पुणे
बोलीचं पटलं. पण घरची भाषा वेगळी म्हणून डिस्लेक्सिया नसेलच, असंही नाही. तांड्यावरची बाकीची मुलं वाचतात का?

खडू_डस्टर
सात आहेत. अडखळत का होईना, वाचतात. पण त्यातली पाच आजीकडे राहतात, तोडीला जात नाहीत.

मेधा_पुणे
उरलेली दोन तोडीला जाऊनही वाचतात, म्हणजे तपासणी हवीच. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना लेखी कळवा, फोनवर नको. प्रमाणपत्राला वय आठ पूर्ण लागतं, ते झालंय. पण तपासणार कोणत्या भाषेत, हे आधी विचारून घ्या.

सह्याद्री_मास्तर
आणि १८ जणांचं? रोज एक तास इयत्ता विसरा. प्रत्येकाला एक परिच्छेद वाचायला देऊन गट पाडा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. 'प्रथम' संस्थेवाले हेच करतात. गोष्ट वाचणारे आपापले बसतात, तुम्ही अक्षरवाल्यांत बसा. गटांना फळांची नावं द्या, म्हणजे चिडवाचिडवी नाही.

बाराखडी_काकू
आमच्याकडे दोन दिवसांत सगळ्या शाळेला कळलं होतं, पेरू म्हणजे ढ.

खडू_डस्टर
आज मधल्या सुट्टीत त्याला तोडीवरचं काहीतरी सांग म्हटलं. मला निम्मंच कळलं, बाकीचं शेजारच्या पोरीने मराठीत सांगितलं. तो म्हणाला तशा दोन ओळी फळ्यावर लिहिल्या. 'याडी' तीनदा आलं होतं. पहिल्या ठिकाणी बोट ठेवून बराच वेळ थांबला, मग वाचलं. उरलेली दोन्ही स्वतः शोधून दाखवली. इतर शब्द नाही आले. वाळूही आणली आहे, काकू. केंद्रप्रमुखांचं बघू. पण पाच आठवड्यांत तोडीला जायची गाडी भरेल. हंगामी वसतिगृहात (आईबाप तोडीला गेले की मुलांना गावातच ठेवायची सोय) ठेवायला घरचे तयार नाहीत, फडात धाकटीला कोण सांभाळणार म्हणतात. यावर कुणाकडे काही उपाय आहे का?

मेधा_पुणे
धाकटी केवढी आहे?