मदत हवी आहे: जास्त पगार की कमी तास? दोन मोठ्या कंपन्यांच्या ऑफर कशा तोलायच्या?

नमस्कार मंडळी,

आजवर फक्त वाचत आले, आज स्वतःसाठी विचारते आहे. जरा लांबेल, पण अर्धवट माहिती दिली तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं सांगते.

अकरा वर्षं बॅकएंडचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सर्व्हरकडच्या बाजूचं, काम करते आहे. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. नवऱ्याचीही नोकरी आहे, त्याच्या कामाच्या वेळा ठरलेल्या आहेत. माझ्या नाहीत. आत्ताच्या कंपनीचं नाव घेत नाही, पण तिथे दर चार आठवड्यांनी माझा ऑन-कॉल, म्हणजे कधीही बिघाड झाला तर बघायची पाळी, येतो आणि त्या आठवड्यात फोन उशाशी ठेवून झोपावं लागतं. मागच्या महिन्यात एका रात्री पावणेतीनला फोन वाजला. लॅपटॉप उघडून बघते तर एका सर्व्हरची डिस्क भरली होती, लॉग पुसायला फार तर दहा मिनिटं लागली. पण फोनच्या आवाजाने मुलगी उठली होती. तिला पुन्हा झोपवेपर्यंत साडेचार वाजले आणि नऊला मी मीटिंगमध्ये होते. ही नोकरी सोडायची हे त्या सकाळी पक्कं झालं.

आता दोन मोठ्या टेक कंपन्यांच्या ऑफर हातात आहेत आणि उत्तर द्यायला दहा दिवस आहेत. दोन्हीकडे लेव्हल जवळपास सारखी.

पहिलीचं एकूण पॅकेज दुसरीपेक्षा साधारण ३० टक्क्यांनी जास्त आहे. पण त्यातला मोठा भाग शेअर्सचा, आणि ते चार वर्षांत ५-१५-४०-४० टक्के असे हातात येणार. पहिल्या दोन वर्षांची तूट जॉइनिंग बोनसने भरून काढतात. आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस. कामाचे तास विचारले तर रिक्रूटरने ‘टीमवर अवलंबून आहे’ एवढंच सांगितलं. टीममध्ये ओळखीचं एक जण आहे, त्याच्या म्हणण्याप्रमाणे आठवड्याला ५५ तास धरून चालावं.

दुसरीकडे शेअर्स दरवर्षी समान, म्हणजे २५-२५-२५-२५. ऑफिस तीन दिवस. तास ४४ च्या आसपास, असं तिथल्या दोघांनी वेगवेगळं विचारल्यावर सांगितलं. ऑन-कॉल आहे, पण त्याचे पैसे वेगळे मिळतात किंवा बदली सुट्टी घेता येते.

काल रात्री कागद घेऊन बसले. दुसऱ्या ऑफरला १०० धरलं तर पहिली १३०. दोन्ही ऑफिसांना जाऊन-येऊन दोन तास लागतात. म्हणजे पहिलीकडे ५५ तास काम आणि १० तास प्रवास, एकूण ६५. दुसरीकडे ४४ आणि ६, एकूण ५०. १३० ला ६५ ने भागलं, उत्तर २. १०० ला ५० ने भागलं, तरी उत्तर २. कितीतरी वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. महिनाभर जो फरक डोक्यात घोळत होता, तो तासाच्या हिशेबात उरलाच नाही. शिवाय वरच्या ३० वर कर वरच्या दराने कापला जाणार.

तरीही मन पहिलीकडे ओढ घेतं, हे खरं सांगते. घराचं कर्ज आहे, आणि एवढी रक्कम पुन्हा कोणी देऊ करेल याची खात्री नाही.

माझे प्रश्न असे. शेअर्सचा आकडा खरा किती धरायचा? मोफत जेवण, जिम, शटल, अमर्यादित सुट्टी या गोष्टींची किंमत लावायची का, आणि कशी? आणि सगळ्यात महत्त्वाचं, टीमचे खरे तास रुजू होण्याआधी कसे कळतात? मुलाखतीत थेट विचारलं तर कामचुकार समजतील अशी धास्ती वाटते. ज्यांनी यातलं काही अनुभवलं आहे त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद – तळटीप

ताई, तुम्ही कागदावर हिशेब मांडलात हे फार चांगलं केलंत, पण त्यात काळाचा मुद्दा राहिला. ५-१५-४०-४० हे ॲमेझॉनचं जुनं आणि सगळ्यांना माहीत असलेलं कोष्टक. दोन वर्षं पूर्ण होऊन तुम्ही बाहेर पडलात, मग स्वतःहून असो वा त्यांनी सांगितल्यामुळे, तर शंभरातले फक्त वीस शेअर तुमचे. समान हप्त्यांत तेवढ्याच काळात पन्नास होतात. मेटाकडे दर तिमाहीला मिळतात आणि पहिलं वर्षभर थांबावंही लागत नाही. गूगलने मधल्या काळात नव्या लोकांना ३३-३३-२२-१२ असं, म्हणजे आधी जास्त मग कमी, द्यायला सुरुवात केली होती. नेटफ्लिक्सची तऱ्हा आणखी वेगळी, तिथे रोख किती आणि ऑप्शन्स (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) किती हे कर्मचाऱ्याने ठरवायचं अशी पद्धत राहिली आहे. त्यामुळे ‘चार वर्षांचं पॅकेज’ हा एकच आकडा बघू नका. वर्षावर्षाचा तक्ता करा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा, ‘इथे थांबले तर हातात किती’.

शेअरचा भाव कोणता धरला आहे हेही रिक्रूटरला विचारा. काही ठिकाणी भाव दरवर्षी वाढणार असं गृहीत धरून आकडा फुगवलेला असतो. आजच्या भावाने मांडा, मग तोच भाव निम्मा करून पुन्हा मांडा. निम्मा म्हटल्यावर दचकू नका. मेटाचा शेअर २०२२ या एका वर्षात साधारण ६४ टक्के पडला होता. पुढच्या वर्षी तो जवळपास तिप्पट झाला हेही खरं, पण मधल्या काळात ज्याला घराचा हप्ता भरायचा होता त्याला नंतरच्या तेजीचा काय उपयोग?

जॉइनिंग बोनस ठरावीक मुदतीच्या आत सोडल्यास परत द्यावा लागतो, बहुतेक करारांत ते कलम असतं. तुमच्यातलं शोधून काढा आणि कंपनीनेच काढलं तर काय, हे लेखी विचारा. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० लोक कमी केले. पुढच्या जानेवारीत गूगलने १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० जणांची कपात जाहीर केली. ॲमेझॉनचा आकडा त्या महिन्यात १८,००० वर गेला. त्यात कामात उत्तम असलेले लोकही होते. गूगलने तेव्हा अमेरिकेतल्या लोकांना किमान १६ आठवड्यांचा पगार, नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे आणखी दोन आठवडे आणि किमान १६ आठवड्यांचे शेअर्स दिले. कंपनी माणसाला निरोप कसा देते, हाही पॅकेजचाच भाग धरा.

प्रतिसाद – सांजवारा

मी पहिल्या प्रकारची ऑफर घेतली होती, म्हणून ती बाजूही मांडते. चार वर्षं काढली, कर्ज फिटलं, आणि ज्या प्रमाणावरचं काम तिथे करायला मिळालं ते दुसरीकडे मिळालं नसतं. पश्चात्ताप नाही. पण तेव्हा घरात लहान मूल नव्हतं, आणि तिसऱ्या वर्षी माझा रक्तदाब वाढलेला निघाला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आढळला. तुमच्या ओळखीच्या माणसाने सांगितलेला आकडाही नेमका ५५ आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

टीमचे खरे तास कसे शोधून काढायचे? ‘वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे’ असं कधीच विचारू नका, त्याचं उत्तर ‘छान आहे’ हेच येतं. घडून गेलेल्या गोष्टी विचारा. गेल्या महिन्यात रात्री बारा ते सहा या वेळात किती पेज, म्हणजे ऑन-कॉलवरच्या माणसाला बिघाडाचे इशारे, आले? शेवटची सलग दोन आठवड्यांची सुट्टी टीममध्ये कोणी आणि कधी घेतली? ऑन-कॉलच्या फेरीत किती जण आहेत, आणि त्यातलं कोणी सोडून जाण्याच्या बेतात आहे का? गेल्या वर्षभरात टीममधून किती जण गेले? मी शेवटच्या मुलाखतींत हे सगळं मॅनेजरला विचारलं. एकाने शांतपणे आकडे सांगितले, दुसऱ्याने विषय बदलला. मला तेवढं पुरेसं होतं. कामचुकार कोणी समजत नाही. उलट, ज्याने सर्व्हिस सांभाळली आहे तोच पेजचे आकडे विचारतो.

रिक्रूटरकडे हट्ट धरा की ऑफर स्वीकारण्याआधी मॅनेजर सोडून टीममधल्या दोघांशी बोलायचं आहे. ऑफर हातात आल्यावर हे सहसा नाकारत नाहीत.

प्रतिसाद – गणिती_काका

सोयी-सुविधांबद्दल थोडंसं. जी गोष्ट तुम्ही एरवी स्वतःच्या पैशाने विकत घेतली असती तिचीच किंमत लावा, बाकी शून्य. जिमला जात नसाल तर जिमची किंमत शून्य. कुटुंबाचा आरोग्य विमा, बाळंतपणाची आणि पालकत्वाची रजा, निवृत्तीच्या फंडात कंपनीचा वाटा, यांचे मात्र पैनपै आकडे मांडा. लोक जेवणाबद्दल भरभरून बोलतात आणि विम्याची पानं उघडूनही बघत नाहीत.

अमर्यादित सुट्टीत एक मेख आहे. ठरावीक सुट्टी असते तिथे ती खात्यावर साठते आणि बऱ्याच ठिकाणी नोकरी सोडताना तिचे पैसे मिळतात. अमर्यादित असली की शिल्लक नावाची गोष्टच राहत नाही. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पगारी कर्मचाऱ्यांना ही पद्धत लागू केली, तेव्हा आधीची साठलेली सुट्टी पैसे देऊन मोकळी करावी लागली. नियम वाचून काही कळणार नाही, तिथले लोक वर्षाला प्रत्यक्षात किती दिवस घेतात ते विचारा.

आता तुमच्या भागाकाराबद्दल. दुसऱ्या कंपनीचे तीन दिवस कायम राहतील हे तुम्ही धरून चाललात. ॲमेझॉनमध्ये मे २०२३ पासून तीन दिवस होते, सप्टेंबर २०२४ मध्ये पाच दिवसांची घोषणा झाली आणि २०२५ च्या जानेवारीपासून ती लागू झाली. तुमच्या दुसऱ्या कंपनीनेही तेच केलं तर ५० चे ५४ होतात आणि दर २ वरून १.८५ वर येतो. हायब्रिड (काही दिवस ऑफिस, काही दिवस घरून) हा शब्द करारात आहे की नुसताच बोलण्यात, ते बघा.

प्रतिसाद – धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. लगेच तक्ता करायला बसले. ‘दोन वर्षांनी थांबले तर’ ही ओळ लिहिली तेव्हा जॉइनिंग बोनस धरूनही फरक ३० वरून ११ टक्क्यांवर आला. शेअरचा भाव निम्मा धरला तेव्हा पहिली ऑफर चारही वर्षं मिळून जेमतेम ९ टक्के पुढे राहिली. जॉइनिंग बोनसचं कलम सापडलं, पण कंपनीनेच काढलं तर काय, याबद्दल त्यात चकार शब्द नाही. तो प्रश्न दोन्हीकडे मेलने पाठवला. काकांनी सांगितलं म्हणून करारही तपासला. हायब्रिडचा उल्लेख कुठेच नाही, ‘कामाचं ठिकाण कंपनी ठरवेल’ एवढंच वाक्य आहे. त्याबद्दलही लेखी विचारलं आहे.

आज दुसऱ्या कंपनीच्या टीममधल्या एकीशी बोलणं झालं. रात्रीचे पेज गेल्या महिन्यात तीन, फेरीत नऊ जण, आणि ती स्वतः मागच्याच महिन्यात अठरा दिवस सुट्टीवर होती. सुट्टीत तिला एकही फोन आला नाही. पहिल्या कंपनीच्या मॅनेजरने बुधवारची वेळ दिली आहे. सांजवारांचे प्रश्न वहीत उतरवून ठेवले आहेत.

आणखी एक विचारायचं राहिलं. पहिल्या ऑफरचा आकडा दाखवून दुसरीकडे बेस, म्हणजे मूळ पगार, वाढवून मागावा असं मनात आहे. ३० टक्के देणार नाहीत, पण ८-१० टक्के मागितले तर ताणल्यासारखं होईल का? की बेसऐवजी शेअर्स किंवा जॉइनिंग बोनस मागणं सोपं जातं? कोणी अलीकडे असं बोलणं केलं असेल तर नेमकं काय म्हणालात ते लिहाल का? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.