नवऱ्याचं घोरणं मध्येच थांबतं आणि माझी झोप उडते, आधी कोणाकडे जायचं?

निशिगंधा_डोंबिवली

नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

नवरा वय ४७, वजन ९४, उंची साडेपाच फूट. घोरणं लग्नापासून आहे म्हणजे १९ वर्षं झाली, सासरेही घोरायचे त्यामुळे आमच्याकडे हा चेष्टेचाच विषय. गेल्या मे महिन्यात कर्जतला पुतणीच्या लग्नात हॉलवर सगळ्यांच्या ओळीने गाद्या टाकल्या होत्या, सकाळी उठून बघते तर ह्याच्या आजूबाजूच्या चार गाद्या सरकत सरकत पार स्टेजपाशी गेलेल्या. सगळे हसले, मी पण हसले.

पण गेलं दीड वर्ष प्रकार वेगळा आहे. ढणाढणा घोरत असतो आणि अचानक आवाज बंद. परवा मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. छाती पोट हलताना दिसतंय पण नाकातोंडातून हवाच नाही, मी मनात आकडे मोजत बसले, २६ पर्यंत आले तेव्हा मोठ्ठ्याने घुसमटल्यासारखं करून अख्खं अंग उडालं आणि परत घोरणं चालू. त्याला सकाळी विचारलं तर म्हणे मस्त झोप झाली. मस्त कसली, सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड, रात्रीतून तीन चारदा बाथरूमला (शुगर बघितली, नॉर्मल आहे), बीपीच्या दोन गोळ्या चालू असून वरचा आकडा दीडशेच्या खाली येत नाही. लोकलमध्ये उभ्या उभ्या झोपतो, दोनदा डोंबिवली गेलेलं कळलं नाही, कल्याणहून परत आलाय.

हे सगळं चालवून घेतलं असतं पण मागच्या रविवारी जुन्नरहून येताना माळशेज घाटात गाडी हळूच डावीकडे कठड्याकडे जायला लागली, मागून मुलगा ओरडला "बाबा!" म्हणून वाचलो. दोन सेकंद डोळा लागला होता एवढंच म्हणाला.

एका ईएनटीकडे जाऊन आलो, दुर्बीण घालून पाहिलं, नाकाचं हाड वाकडं आहे ऑपरेशन करून टाका म्हणाले, तारीख पण द्यायला निघाले होते. झोपेचं काहीच विचारलं नाही. शेजारच्या काकू म्हणतात रात्री नाकात तुपाचे दोन थेंब सोड. नवऱ्याने स्वतः ऑनलाईन नाकाला चिकटवायच्या पट्ट्या आणि हनुवटीचा पट्टा मागवलाय, तो लावून झोपला की दात दुखणाऱ्या माणसासारखा दिसतो आणि घोरतो तेवढाच. वन बीएचके आहे, मुलगा दहावीला, बिचारा कानात बोळे घालून स्वयंपाकघरात झोपतो.

तर आधी काय करायचं? ऑपरेशन का ते झोपताना मास्कमधून हवा सोडणारं मशीन (सीपॅप)? आणि मशीन एकदा लागलं की जन्मभराचं असं म्हणतात ते खरं का?

कोथरूडचा_कुंभकर्ण

ताई, नाव बघून कळलं असेल कुठल्या पंथाचा आहे. तुम्ही मोजलेत ना ते २६, ते फार बरं केलंत, तो व्हिडिओ डिलीट करू नका, डॉक्टरांना तोच आधी दाखवा.

माझी गोष्ट सेम टू सेम, फक्त घाट वेगळा. मी चार वर्षांपूर्वी टेस्ट केली. आधी स्लीप स्टडी (झोपेतली तपासणी), मग बाकी सगळं, हा क्रम अजिबात उलटा करू नका. झोपेचं बघणारे छातीचे डॉक्टर असतात, किंवा ईएनटीच पण ज्यांनी स्लीपचं शिक्षण घेतलंय असे. टेस्ट दोन प्रकारची, एक हॉस्पिटलात रात्रभर, डोक्याला चिकट पेस्ट लावून वायरी, छातीला पोटाला पट्टे, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. मी बायकोला म्हटलं ह्या अवतारात कोणाला झोप येईल, तर नऊ मिनिटांत घोरायला लागलो असं तिथल्या पोराने सकाळी सांगितलं. केसातली पेस्ट दोन दिवस निघाली नाही. दुसरी टेस्ट घरीच, छोटं यंत्र देतात, वायरी कमी, खर्चही बराच कमी. ह्यांच्यासारखी सगळी लक्षणं असतील तर बऱ्याचदा घरची टेस्ट पुरते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

रिपोर्टमध्ये एएचआय म्हणून आकडा असतो, तासाला किती वेळा श्वास बंद पडला किंवा अर्धवट झाला. किमान १० सेकंदांचं असेल तरच मोजतात. ५ च्या आत असलं तर नॉर्मल, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्याच्या वर गंभीर. माझा ५२ होता. म्हणजे साधारण मिनिटाला एकदा मी गळा दाबल्यासारखा उठत होतो आणि मला १२ वर्षं ह्याचा पत्ता नाही. ऑक्सिजन ७१ पर्यंत गेला होता. कोविडात ९४ च्या खाली गेलं की आपण धावाधाव करत होतो आठवतंय ना? इथे रोज रात्री फुकट.

मशीनचं. पहिले दहा दिवस शिव्या घालाल, आधीच सांगून ठेवतो. मी रात्री दोनला झोपेतच काढून फेकायचो आणि सकाळी मास्क कपाटाखाली सापडायचा. मुलगी तेव्हा लहान होती, ती नळी बघून म्हणाली बाबा गणपती झाला, तेव्हापासून घरात मशीनचं नाव गणपतीच. मग एका शहाण्या माणसाने सांगितलं की संध्याकाळी टीव्ही बघताना जागेपणी अर्धा तास लावून बस, तेवढ्याने फरक पडला. आणि दुसरं म्हणजे मास्क. लोक मशीनवर खल करतात, कुठली कंपनी कुठलं मॉडेल, खरा खेळ मास्कचा आहे. माप चुकलं की डोळ्यात वारा जातो, नाकाच्या हाडावर जखम होते, आणि माणूस म्हणतो मला मशीन मानवत नाही. मशीन महिनाभर भाड्याने मिळतं, आधी भाड्याने घ्या. ह्युमिडिफायर (हवा दमट करणारी पाण्याची टाकी) असेल तर डिस्टिल्ड पाणीच घाला, आपल्या बोअरच्या पाण्याने टाकीत पांढरा थर बसतो.

इन्शुरन्सवाले मशीनचे पैसे बहुतेक देत नाहीत, आधी विचारून ठेवा. सीजीएचएसवाल्यांना (केंद्र सरकारी आरोग्य योजना) मिळतात, पण आधी मंजुरी लागते.

जन्मभराचं का, तर चष्मा जन्मभराचा असतो तसं. लावला की दिसतं, काढला की नाही.

आगाऊ_कार्टा

माझे काका घोरायचे तेव्हा वरच्या मजल्यावरचे लोक खाली येऊन विचारायचे मिक्सर कुठला घेतला 😄

कोथरूडचा_कुंभकर्ण

@आगाऊ_कार्टा, मी पण अशाच जोकवर १२ वर्षं काढली. बप्पी लाहिरी गेले फेब्रुवारी २०२२ मध्ये, तेव्हा बातम्यांत कारण काय आलं होतं बघ. झोपेत घसा मिटून श्वास अडणं, म्हणजेच ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया.

सुलोचनाताई_मिरज

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे ह्या विषयात माझा स्वार्थ आहे असं समजा, कारण हे पेशंट टेबलवर आम्हाला घाम फोडतात.

निशिगंधा, ऑपरेशनची तारीख घेतली असशील तर आधी पुढे ढकल. नाकाचं हाड सरळ केलं म्हणजे अ‍ॅप्निया गेला असं सहसा होत नाही, कारण अडतं ते नाकात नाही, मागे पडजिभेपाशी आणि जिभेच्या मुळाशी. जागेपणी तिथले स्नायू ताठ असतात, झोपेत ढिले पडतात, जाड मानेत आधीच जागा कमी, श्वास ओढला की भिंती एकमेकींना चिकटतात. तू लिहिलंयस ना छाती हलतेय पण हवा नाही, तेच हे. नाक मोकळं केल्याने पुढे मास्क सोसायला मदत होते हे मात्र खरं, म्हणून ते डॉक्टर अगदीच चूक असं मी म्हणणार नाही, क्रम चुकला. लहान मुलांची गोष्ट वेगळी, त्यांचे टॉन्सिल्स आणि अ‍ॅडेनॉइड्स (नाकामागच्या गाठी) काढले की पुष्कळांचं काम होऊन जातं. मोठ्यांमध्ये तसं होईलच असं नाही.

आणि कुठलंही ऑपरेशन असो, हर्निया असो की दात, भूल देणाऱ्याला "हे झोपेत श्वास बंद करतात" हे वाक्य सांगायचंच. भुलीची आणि दुखण्याची काही औषधं हाच घसा अजून ढिला करतात. झोपेच्या गोळ्या आणि दारूचंही तेच, झोप येत नाही म्हणून परस्पर गोळी देऊ नकोस.

आम्ही ऑपरेशनच्या आधी एक आठ प्रश्नांची यादी वापरतो, स्टॉप-बँग नावाची, २००८ मध्ये टोरंटोच्या भूलतज्ज्ञांनी केलेली. मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, कोणीतरी श्वास थांबलेला पाहिलाय, बीपी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ च्या वर, वय पन्नासच्या वर, मान ४० सेंटीमीटरच्या वर, आणि पुरुष असणं. (हो, पुरुष असण्याचा एक मार्क आहे.) तुझ्या मिस्टरांचे वजन आणि वय सोडून पाच तर तू लिहिलेल्यातच निघाले. शिवणाच्या टेपने मान मोज. पाच आणि वर म्हणजे धोका जास्त, टेस्ट करायलाच हवी.

रात्री लघवीला उठणं सुद्धा ह्यातलंच असू शकतं. बंद घशाने श्वास ओढताना छातीत ताण येतो, हृदय ताणलं जातं, त्याला वाटतं रक्त जास्त झालं, मग ते पाणी बाहेर टाकायचा निरोप किडनीला पाठवतं. लोक वर्षानुवर्षं प्रोस्टेट प्रोस्टेट करत फिरतात.

तुपाचे थेंब नको. घशाला त्याने काही होत नाही, आणि तूप-तेल श्वासातून फुप्फुसात उतरलं तर तिथे वेगळा त्रास होतो.

तोवर गाडीची किल्ली तुझ्या पर्समध्ये.

रानवाटा७१

माझं मत थोडं वेगळं आहे, लगेच अंगावर येऊ नका. माझा एएचआय मध्यम होता, २२. मशीन दोन महिने वापरलं, जमलं नाही, नळीत गुरफटून उठायचो. मग वजन उतरवलं १४ किलो, दीड वर्ष लागलं, भात रात्रीचा बंद आणि रोज तळजाई टेकडी. परत टेस्ट केली तर ६. माझा त्रास पाठीवर झोपल्यावरच जास्त होता, तर आईने जुन्या टीशर्टला मागे खिसा शिवून दिला, त्यात टेनिस बॉल, उताणा झालो की टोचतो. हसू नका, डॉक्टरही सांगतात हे. शिवाय दातांचे डॉक्टर एक कवळीसारखं बनवून देतात, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं, सौम्य-मध्यमवाल्यांना चालतं.

आणि शंख! जयपूरच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये ३० पेशंटांवरचा अभ्यास छापला, सहा महिने शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि तासाला चार-पाच श्वास अडणं कमी झालं. मी आषाढीपासून सुरू केलाय, सोसायटीत तक्रार आली ते सोडा.

सुलोचनाताई_मिरज

@रानवाटा७१, अंगावर कशाला येऊ, वजनाचं अगदी बरोबर आहे आणि तुम्ही परत टेस्ट केलीत हे त्याहून बरोबर, बरेच लोक घोरणं कमी झालं म्हणजे बरे झालो असं धरून चालतात. शंख वाजवा खुशाल, अभ्यास छोटा आहे पण कल्पना वाईट नाही, घशाच्या स्नायूंना व्यायाम होतो. फक्त ४०-५० वाल्याचे चार-पाच कमी होऊन भागत नाही हो. आणि वजन उतरायला तुम्हाला दीड वर्ष लागलं, तोवर माणसाने गाडी चालवायची, बीपी सांभाळायचं, ते कशाच्या जोरावर? मशीन लावून वजन उतरवा, मग टेस्ट करून मशीन सोडायचं का ते बघा.

कोथरूडचा_कुंभकर्ण

अगदी. शिवाय झोप नीट झाल्यावरच मला चालायला जायची ताकद आली. आधी संध्याकाळी सहाला सोफ्यावर पडायचो तो पडायचोच.

निशिगंधा_डोंबिवली

सगळ्यांचे खूप आभार, उशिरा लिहितेय कारण मधल्या काळात बरंच झालं.

मान ४३ निघाली. व्हिडिओ दाखवल्यावर छातीच्या डॉक्टरांनी बाकी काही न विचारता टेस्ट लिहून दिली, घरीच केली. एएचआय ४६, ऑक्सिजन सगळ्यात कमी ७४. नवरा रिपोर्ट हातात घेऊन बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला म्हणजे माझे बाबा पण... सासरे झोपेतच गेले होते, २०११ ला. त्यावर मी काही बोलले नाही.

ऑटो मशीन (हवेचा दाब आपोआप बदलणारं) भाड्याने आणलंय, आज नववी रात्र. पहिल्या रात्री घरात इतकी शांतता झाली की मलाच झोप लागेना, तीनदा उठून छाती हलतेय का ते बघितलं. दुसऱ्या रात्री त्याने काढून टाकलं, तिसऱ्या रात्री पण. टीव्हीसमोर लावून बसायची आयडिया चालली, बातम्या बघत बसतो आणि मधूनच काहीतरी बोलतो, आतून कुठूनतरी आवाज आल्यासारखं वाटतं. काल पाच तास चाळीस मिनिटं झाली असं मशीन दाखवतंय. बाथरूमला एकदाच उठला. मुलगा बाहेरच्या खोलीत परत झोपायला आलाय.

आता अडचण अशी की पूर्ण तोंडाचा मास्क आहे आणि ह्याची मिशी जाड आहे, तिथून हवा फुर्र फुर्र बाहेर जाते, पट्टे आवळले तर गालावर वळ उठतात. नाकापुरता मास्क घेऊ का? पण हा तोंड उघडून झोपतो.

कोथरूडचा_कुंभकर्ण

पट्टे आवळू नका, उलट सैल करून आडवं पडल्यावर मशीन चालू असताना बसवा, मास्कची उशी फुगते आणि आपोआप बसते. एक माप लहान मागून बघा, भाड्यावाले बदलून देतात. नाकापुरता पण ट्राय करा, नाक मोकळं झालं की काहींचं तोंड आपोआप मिटतं. तेही नाही जमलं तर मिशी. मी काढली.

निशिगंधा_डोंबिवली

त्याला वाचून दाखवलं. मशीन चालेल म्हणतोय, मिशीचं बघू म्हणतोय.