नोकरी लीटनला (न्यू साउथ वेल्स), राहायचं लीटनला की ग्रिफिथला?

मुगाची_खिचडी: मंडळी, नवऱ्याला लीटनच्या राईस मिलमध्ये ऑफर आलीये. सध्या पॅरामाटाला राहतो, मुलगी ४ वर्षांची, माझं वर्क फ्रॉम होम. मॅपवर बघितलं तर गाव दोन मिनिटांत संपतंय! ग्रिफिथला पंजाबी लोक बरेच, इंडियन किराणा मिळतो म्हणे, मग तिथे घर घेऊन याने रोज ये-जा केली तर? कुणी राहिलंय का तिकडे?

वऱ्हाडी_पाव्हणा: तीन वर्षं काढली. लीटनलाच राहा. ६० किमी म्हणजे काहीच नाही, पण शिफ्ट ड्युटी असेल तर नको, अंधार पडायला लागला की कांगारू रस्त्यावर येतात आणि लाईट बघून बाजूला व्हायच्या ऐवजी गाडीपुढेच उडी मारतात. माझं बोनेट आणि रेडिएटर गेलं, तो गडी उठून शेतात पळाला.
बाकी उन्हाळा आपल्या अकोल्यासारखाच, ४० च्या वर, कोरडा. घर बघताना कूलर बघून घ्या, तिकडे छतावर बसवलेला असतो, पण तत्त्व आपल्या वाळ्याच्या कूलरचंच. आणि रस्ते गोलगोल आहेत, कॅनबेराचा आराखडा करणाऱ्या वॉल्टर बर्ली ग्रिफिननेच हे गाव पण आखलंय, पहिला आठवडा मी स्वतःचंच घर शोधत फिरायचो.

पाटकरी: घराचं नंतर बघा हो, आधी नोकरी पर्मनंट आहे का कॉन्ट्रॅक्ट ते विचारा. तिकडचा सगळा भात कालव्याच्या पाण्यावर, बरिंजक आणि ब्लोअरिंग धरणांतून मरंबिजी नदीत सोडतात ते. धरणं खाली गेली की पाण्याचा कोटा कापतात आणि भातवाल्यांना पहिला फटका, कारण द्राक्ष-संत्र्याची झाडं जगवावी लागतात, भात काय एक वर्ष नाही लावला तरी चालतो. २००८ मध्ये अख्ख्या ऑस्ट्रेलियाचा भात २० हजार टनांच्या आत आलेला, चांगल्या वर्षी १० लाखांच्या वर जायचा. धान्य नाही तर मिलमध्ये माणसं कशाला ठेवतील?

सांजवात: पाटकरी बरोबर बोलतायत, पण राहायच्या बाबतीत मी ग्रिफिथच म्हणेन. नवरा दिवसभर मिलमध्ये, घरात तुम्ही आणि मुलगी. शनिवारी दुपारनंतर मेन स्ट्रीटवर चिटपाखरू नसतं, मला पहिले सहा महिने रडू यायचं. नंतर शेजारच्या आजीबाई हिवाळ्यात पिशवी भरून संत्री आणून द्यायला लागल्या तेव्हा जरा जमलं.

मुगाची_खिचडी: बापरे, कॉन्ट्रॅक्टचं डोक्यातच नव्हतं. लेटर काढून बघितलं, १२ महिन्यांचं आहे 😐 उद्या एचआरला फोन करतो म्हणालाय. आणि तिकडचा तांदूळ कसा असतो, रोजच्या वरणभाताला?

वऱ्हाडी_पाव्हणा: मीडियम ग्रेन, जरा चिकट. इंद्रायणी आवडत असेल तर चालेल, वास मात्र नाही. पाणी कमी घाला.